दवाखाना चालू ठेवून पुढचं शिकायचं असेल तर

इस्लामपूर, आष्टा, शिराळा, कासेगाव या टापूत नवा दवाखाना टाकलेला डेंटिस्ट भेटला की चहा संपायच्या आत एक प्रश्न येतोच. "सर, क्लिनिक बंद न करता एमडीएस करता येईल का?" विचारणाऱ्याच्या डोक्यावर खुर्चीचे आणि एक्स-रे मशिनचे हप्ते असतात. कुणाचं मूल नुकतंच बालवाडीत जायला लागलेलं असतं, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे असतात. शिकायची भूक खरी असते, पण तीन वर्षं शटर खाली ओढून ठेवणं परवडणारं नसतं. मी याच भागात पंचवीस वर्षं प्रॅक्टिस करतो आहे. या प्रश्नाला आडवळणाचं उत्तर देऊन कुणाचं भलं होत नाही, हे मी पाहिलं आहे. म्हणून सरळ सांगतो.

एमडीएस अर्धवेळ होत नाही. भारतीय दंत परिषदेच्या 2017 च्या नियमांप्रमाणे तो तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे आणि दर वर्षी किमान 80 टक्के हजेरी लागते. प्रवेश सरकारी कॉलेजात घ्या किंवा खासगी, तो नीट-एमडीएस या परीक्षेतूनच होतो. 240 प्रश्न, तीन तास. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं तर 1 वजा. कृत्रिम दात, हिरड्या, मुखशल्यचिकित्सा, रूट कॅनॉल व फिलिंग, वेडेवाकडे दात, मुखविकृतीशास्त्र, सार्वजनिक दंत आरोग्य, बालदंतचिकित्सा आणि मुखरोगनिदान व क्ष-किरण अशा त्याच्या नऊ शाखा आहेत. काही शाखांत दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमाही आहे, पण तोही पूर्णवेळच. "फक्त शनिवार-रविवार या, एमडीएसच्या तोडीची पदवी देतो" असं कुणी सांगत असेल, तर पैसे न देता तिथून उठून या.

ज्याचं मन जबड्याच्या शस्त्रक्रियेवर किंवा तारा लावण्याच्या शाखेवर बसलं आहे आणि ज्याला घरचा आधार आहे, त्याने ही तीन वर्षं जरूर काढावीत. या दोन शाखा तुकड्यातुकड्याने शिकण्यासारख्या नाहीत. दवाखाना एखाद्या विश्वासू ज्युनियरला चालवायला द्या, खर्च आवळा आणि जा. उरलेल्यांसाठी, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांसाठी, दुसऱ्या वाटा आहेत. त्यातल्या काही घरापासून तासाभराच्या अंतरावर आहेत.

आधी एक वही घाला

कोणता कोर्स करावा हे ठरवताना आपण बहुतेक वेळा मोबाइलवर आलेली जाहिरात बघतो किंवा बॅचमेट काय करतोय ते बघतो. माझं सांगणं वेगळं आहे. साधी दोनशेपानी वही घ्या आणि सहा महिने तीत फक्त एका प्रकारचे पेशंट लिहा: ज्यांना तुम्ही "हे माझ्याकडे होणार नाही, कराडला जा" किंवा "सांगलीला दाखवा" असं सांगितलं ते. तारीख, गाव, वय, तक्रार, कुठे पाठवलं, का पाठवलं असे रकाने आखा. शेवटचा रकाना ठेवा, "गेले का?" तो पंधरा दिवसांनी फोन करून भरायचा.

मी ही वही घातली तेव्हा माझ्या मनात इम्प्लांट होतं. सगळे तेच शिकत होते. सहा महिन्यांनी पानं उलटली तेव्हा इम्प्लांटसाठी बाहेर पाठवलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. पानं भरली होती ती तीन गोष्टींनी. एकदा रूट कॅनॉल होऊनही पुन्हा दुखणाऱ्या दाढा. खुर्चीत बसायला तयार नसलेली चार-पाच वर्षांची पोरं. आणि तोंड न उघडणारे तरुण.

यातला एक मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तेवीस वर्षांचा, उसाचा ट्रॅक्टर चालवणारा. आला होता दाढ दुखते म्हणून. मी म्हटलं, "तुझी तीन बोटं उभी धरून तोंडात घाल बघू." दोनच गेली, तीही दात घासत. गालाच्या आतली कातडी पांढुरकी पडलेली, बोटाला दोरीसारखे पट्टे लागत होते. दिवसाला किती मावा, विचारलं. "हंगामात झोप येऊ नये म्हणून जरा जास्त होतो, डॉक्टर," म्हणाला. मी त्याला कराडला पाठवलं. "गेले का?" या रकान्यात पंधरा दिवसांनी लिहिलं, "नाही. हंगाम चालू." पुढे कारखाना बंद झाल्यावर तो आला, तेव्हा दुसरं बोट घालतानाही त्याचे डोळे पाण्याने भरले.

त्या दिवशी मला कळलं की मी काय शिकायला हवं. तंबाखू-सुपारी सोडवण्यासाठी रीतसर समुपदेशन कसं करायचं, संशयास्पद चट्टा कसा ओळखायचा, बायोप्सी कशी घ्यायची, तोंड उघडण्याचं मोजमाप दर भेटीला कसं लिहायचं, गालात इंजेक्शनं कधी द्यायची आणि कधी वेळ न घालवता पुढे पाठवायचं. राज्यात 2012 मध्ये गुटखाबंदी आली, तरी आपल्याकडे टपरीवर मावा घोटला जातोच, आणि घरातल्या आजी अजून मिश्री भाजून दाताला लावतात. 2016-17 च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ धूर नसलेली तंबाखू वापरणारे निघाले. म्हणजे आपल्या खुर्चीत बसणाऱ्या चार जणांत साधारण एक. या विषयात हात तयार केलेला डेंटिस्ट तालुक्याला किती उपयोगी पडेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

तुमची वही माझ्यासारखी असेलच असं नाही. कॉलेजजवळ, पेठ नाक्याकडे दवाखाना असेल तर दातांच्या रंगाची आणि ठेवणीची विचारणा जास्त असेल. वस्तीत जुनी म्हातारी माणसं जास्त असतील तर कवळी आणि हिरड्या जास्त. वही जे सांगेल ते ऐका.

वाटा कोणत्या

पहिली वाट विद्यापीठाची फेलोशिप किंवा सर्टिफिकेट कोर्स. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 मध्ये स्थापन झालं. ते आणि अभिमत विद्यापीठं असे छोट्या मुदतीचे कोर्स चालवतात. आपण भाग्यवान आहोत की इस्लामपुरापासून कराडचं कृष्णा विश्व विद्यापीठाचं दंतविज्ञान महाविद्यालय, सांगलीचं भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज, कवलापूरचं वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज आणि नवे पारगावचं तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेज ही चारही ठिकाणं सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहेत. बेळगावचं केएलईचं कॉलेज आणि पुण्याची कॉलेजं त्यापुढची. फोनवर चौकशी करू नका. एखाद्या सोमवारी सकाळी त्या विभागात जा, विभागप्रमुखांना भेटा आणि आपली वही दाखवा. यंदा कोणता कोर्स आहे, हजेरी रोज लागते की आठवड्यातून ठरावीक दिवस, हे तिथेच कळतं. रीतसर कोर्स नसला तरी काही प्राध्यापक आठवड्यातून एक दिवस निरीक्षक म्हणून बसू देतात. अशी परवानगी मिळाली तर ती लेखी घ्या.

दुसरी वाट संघटनांची आणि खासगी संस्थांची. इंडियन डेंटल असोसिएशनच्या शाखा आणि इम्प्लांट, एंडोडॉन्टिक्स, बालदंतचिकित्सा अशा शाखांच्या राष्ट्रीय संघटना कार्यशाळा घेतात. खासगी कोर्स महिन्यातून दोन-तीन दिवसांच्या मॉड्यूलचे असतात. यात सोनंही आहे आणि पितळही. ते पारखायचं कसं, ते पुढे सांगतो.

तिसरी वाट घरबसल्या अभ्यासाची. हाताचं कौशल्य पडद्यावर बघून येत नाही, पण काही विषय वाचून नक्की येतात. इग्नूचा रुग्णालय व आरोग्य व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा डेंटिस्टांना करता येतो. ज्यांना दोन-तीन खुर्च्यांचा दवाखाना किंवा छोटं हॉस्पिटल उभं करायचं आहे, त्यांच्या तो कामाचा. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनाचा ऑनलाइन पायाभूत कोर्स आहे. आपल्या वहीतल्या नोंदी एखाद्या परिषदेत मांडायच्या असतील तर त्याचा उपयोग होतो. इग्नूने एकेकाळी दंत परिषदेबरोबर इम्प्लांट आणि एंडोडॉन्टिक्सचे सर्टिफिकेट कोर्सही काढले होते. असे कोर्स निघतात आणि बंदही होतात. म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका, यंदाचं माहितीपत्रक मिळवा.

चौथी वाट परदेशी. लंडनच्या किंग्ज कॉलेजसारख्या विद्यापीठांत नोकरी-व्यवसाय सांभाळून, बराचसा भाग दूरशिक्षणाने करता येणारे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची एमएफडीएस ही सदस्यत्वाची परीक्षा अनेक भारतीय डेंटिस्ट देतात. यातलं शिक्षण कसदार आहे, पण फी पौंडांत भरायची असते आणि अशा पदवीने तुम्ही भारतात आपोआप एमडीएस होत नाही. ज्ञानासाठी करणार असाल तर आनंदाने करा. नावापुढे लावण्यासाठी करणार असाल तर आधी दंत परिषदेला लेखी विचारा.

पाचवी वाट आपल्याच दवाखान्यात आहे, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. सांगली-कराडहून एंडोडॉन्टिस्ट, सर्जन, ऑर्थोडॉन्टिस्ट आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा व्हिजिटला येतात. ते काम करत असताना आपण बाहेर पेशंट बघत बसतो किंवा पावत्या फाडतो. त्या दिवशी दुसरा एकही पेशंट घेऊ नका. असिस्टंटला बाजूला करा आणि स्वतः सक्शन धरा. डोळ्यांनी बघा, नंतर प्रश्न विचारा, रात्री वहीत लिहा. मी वर्षभर दर दुसऱ्या शनिवारी असं केलं. अक्कलदाढ काढताना हाड कुठे आणि किती कापायचं हे मला पुस्तकापेक्षा सक्शन धरून जास्त कळलं.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

एकदा मी दोन दिवसांच्या इम्प्लांट कोर्सला गेलो होतो. मोठं हॉटेल, उत्तम जेवण, शेवटी फ्रेममध्ये घालण्याजोगं सर्टिफिकेट. दोन दिवसांत मी प्लॅस्टिकच्या जबड्यात दोन स्क्रू बसवले आणि बाकी वेळ एका कंपनीच्या मालाची माहिती ऐकली. परत आल्यावर पहिल्या पेशंटला हात लावायची हिंमत झाली नाही, आणि ते बरंच झालं. चूक माझी होती. मी काही विचारलंच नव्हतं. तुम्ही हे विचारा:

1. माझ्या स्वतःच्या हाताने, खऱ्या पेशंटवर, किती केसेस होतील? आकडा लेखी द्या.
2. त्या वेळी शेजारी कोण उभं असेल, आणि एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असतील?
3. माझा पेशंट मी बरोबर आणू शकतो का? आणला तर पुढच्या तपासण्या कोण करणार?
4. सर्टिफिकेट कोण देणार: विद्यापीठ, संघटना, की कंपनी?
5. सीडीईचे गुण मिळतील का? महाराष्ट्र राज्य दंत परिषदेच्या नोंदणीचं नूतनीकरण करताना ते लागतात.
6. कोर्स संपल्यावर अडचण आली तर वर्षभर केस दाखवायला कुणी असेल का?
7. मागच्या बॅचमधल्या दोघांचे नंबर मिळतील का?

सातव्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर बाकी सहांची उत्तरं कितीही गोड असोत, थांबा. नंबर मिळाले तर त्या डेंटिस्टना एकच विचारा, "शिकल्यापासून तुम्ही हे काम किती पेशंटवर केलं?"

पाटीवर काय लिहायचं

हा भाग नाजूक आहे, पण सांगायलाच हवा. दंतवैद्यकांच्या आचारसंहितेचे 2014 चे नियम आपल्याला लागू आहेत. ज्या शाखेची मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी नाही, त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणवून घेता येत नाही. दहा दिवसांच्या कोर्सवर "इम्प्लांट स्पेशालिस्ट" अशी पाटी लावणं चूक आहे. "येथे इम्प्लांटची सोय आहे" असं लिहिण्यात काही गैर नाही. पेशंटला हा फरक कळत नाही, तो पाटीवर विश्वास ठेवून आत येतो. म्हणून ही जबाबदारी आपलीच.

1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. उद्या तक्रार झाली तर पहिला प्रश्न हाच येणार, "हे काम तुम्ही कुठे आणि किती शिकलात?" म्हणून सर्टिफिकेटबरोबर केसेसची यादी, शिक्षकाच्या सह्या आणि एक्स-रे जपून ठेवा. व्यवसाय विम्याची पॉलिसी काढून एकदा शांतपणे वाचा. नव्याने शिकलेलं काम तीत धरलेलं नसेल तर विमा कंपनीकडून ते लेखी वाढवून घ्या.

वेळेचा आणि पैशाचा हिशेब

कोर्सची फी म्हणजे कोर्सचा खर्च, असं समजू नका. उदाहरण घेऊ. महिन्याला दोन दिवस, असा दहा महिन्यांचा कोर्स. म्हणजे वीस दिवस दवाखाना बंद. दिवसाची नक्त मिळकत 4,000 धरली तर 80,000 तिथेच गेले. प्रत्येक खेपेला पुण्याला जाणं-येणं, राहणं, जेवण मिळून 5,000 धरले तर आणखी 50,000. शिकून आल्यावर एंडोमोटर, ॲपेक्स लोकेटर, लूप्स लागणार, ते वेगळंच. नवं क्ष-किरण यंत्र घेणार असाल तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर नोंदणीही आली. फीमध्ये हे सगळं मिळवा आणि मग ठरवा. पुष्कळदा कराडचा थोडा महाग कोर्स पुण्याच्या स्वस्त कोर्सपेक्षा शेवटी स्वस्त पडतो.

वेळ निवडताना आपल्या भागाचं वेळापत्रक बघा. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू होतो. शेतकऱ्याच्या हातात उसाचं बिल येतं तेव्हा अडलेल्या कवळ्या आणि कॅपांची कामं निघतात. मे महिन्यात मुंबई-पुण्याहून माहेरवाशिणी आणि चाकरमानी मुलांना घेऊन येतात, तेव्हा पोरांचे दात. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, दवाखाने जरा थंड असतात. जड मॉड्यूल त्या महिन्यांत यावेत असं बघा.

घरच्यांशी आधी बोला. विशेषतः ज्या सुना-मुली लग्नानंतर इथे येऊन प्रॅक्टिस करतात, त्यांना मी कळकळीने सांगतो: "जमवून घेईन" असं म्हणून सुरुवात करू नका. त्या वीस दिवसांत मुलाला शाळेतून कोण आणणार, रात्रीचा स्वयंपाक कोण बघणार, हे सासूबाईंशी आणि नवऱ्याशी बसून कॅलेंडरवर लिहून घ्या. नवरा-बायको दोघेही डेंटिस्ट असाल तर एका वर्षी एकानेच शिकावं. दोघांचे कोर्स एकदम आले की दवाखाना आणि घर, दोन्हीकडे ओढाताण होते.

शिकून आल्यावरचे सहा महिने

कोर्स संपतो त्या दिवशी शिक्षण अर्धं झालेलं असतं. उरलेलं अर्धं आपल्या टेबलावर होतं. वरच्या पहिल्या दाढेचंच घ्या. तिला मुळं तीन, पण कॅनॉल बहुतेक वेळा चार. गालाकडच्या पुढच्या मुळात दुसरा बारीक कॅनॉल लपलेला असतो, त्याला आपण एमबी-टू म्हणतो. तो सापडला नाही की दाढ भरलेली, कॅप बसवलेली, एक्स-रे देखणा, आणि तरी वर्ष-दोन वर्षांत ती पुन्हा ठणकते. माझ्या वहीतल्या निम्म्या दुखऱ्या दाढांचं कारण हेच निघालं.

म्हणून काढलेल्या दाढा टाकू नका. पेशंटला विचारून, निर्जंतुक करून बरणीत साठवा आणि प्लास्टरच्या ठोकळ्यात बसवा. रात्री दवाखाना बंद झाल्यावर लूप्स लावून अर्धा तास बसा. तळाचा गडद रंग कुठून कुठे जातो ते बघा, बारीक टोकाने कडेची उतरण थोडी थोडी काढा, आठ नंबरची फाइल कुठे अडकते ते बोटांना कळू द्या. माझ्या हाताला तो चौथा कॅनॉल सरावाने सापडू लागेपर्यंत तीसेक दाढा गेल्या. त्या दाढा कुणाच्या तोंडात नव्हत्या, याचं समाधान मोठं आहे.

मग सोप्या केसपासून सुरुवात करा. पहिल्या दहा पेशंटना स्वच्छ सांगा की ही पद्धत मी नुकतीच शिकलो आहे, अडचण आली तर सरांना विचारून करेन, आणि गरज पडली तर त्यांच्याकडे पाठवेन. गावातल्या माणसाला खरं बोलणं आवडतं. मला आजवर यामुळे एकही पेशंट सोडून गेल्याचं आठवत नाही. प्रत्येक केसचा आधीचा आणि नंतरचा एक्स-रे जोडून ठेवा, सहा महिन्यांनी बोलावून पुन्हा काढा. हेच तुमचं खरं प्रगतिपुस्तक.

एका वेळी एकच विषय घ्या. तो हातात बसायला दोन वर्षं लागतात. तो बसला की वही पुन्हा उघडा आणि पुढचा विषय तीच सांगू द्या.

माझी वही आता चौथी चालू आहे. कराडला, सांगलीला अजूनही पाठवतोच. पाठवायलाही हवं, कारण कुठे थांबायचं हे कळणं हाही शिक्षणाचा भाग. पण आता तोंड न उघडणारा पोरगा आला की त्याची बोटं मोजून त्याला नुसता रस्ता दाखवत नाही. त्याच दिवशी मोजमाप लिहितो, व्यायाम शिकवतो, मावा सोडायची तारीख त्याच्याच हाताने कार्डावर लिहून घेतो, शंका वाटली तर लगेच बायोप्सी घेतो. आणि पुढे पाठवायचा असेल तर कारखान्याच्या पाळीचा दिवस बघून, कराडला स्वतः फोन लावून वेळ घेऊन देतो. "गेले का?" या रकान्यात हल्ली "हो" जास्त वेळा लिहावं लागतं.